पाकिटाची मागची बाजू आणि किडनीचं पथ्य

मॉलमध्ये ‘हेल्दी’ म्हणून वेगळी मांडलेली एक फळी हल्ली असतेच. मल्टिग्रेन बिस्किटं, खजूर-अंजिराचे बार, नारळपाण्याचे डबे, जादा प्रोटीनची म्युसली आणि कमी सोडियमचं मीठ तिथे शेजारी शेजारी असतं. घरात कुणाला रक्तदाब असेल तर खरेदीची गाडी हमखास याच फळीपाशी थांबते. पण त्याच घरात कुणाचं क्रिएटिनिन वाढलेलं असेल आणि ताज्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.६ आलं असेल, तर यातला बराचसा माल जागेवर परत ठेवावा लागतो. खालच्या कप्प्यातले साधे पोहे, रवा, शेवया आणि साबुदाणा यांच्याकडे कुणी ‘हेल्दी’ म्हणून बघत नाही, पण पोटॅशियमच्या हिशेबाने या रुग्णाला तेच जास्त चालतात. (सोबत मधुमेह असेल तर साबुदाण्याचं गणित पुन्हा वेगळं.)

म्हणून ‘हे किडनीला चालतं का?’ या प्रश्नाचं उत्तर निम्मं पाकिटावर असतं आणि निम्मं रुग्णाच्या फायलीत. फाइल आधी उघडावी लागते.

मूत्रपिंडाचं काम मंदावलं की अन्नातल्या चार गोष्टींचा हिशेब ठेवावा लागतो: सोडियम, पोटॅशियम, फॉस्फरस आणि प्रथिनं. सोडियम साठलं की रक्तदाब वाढतो, पायांवर सूज येते, तहान लागते. डायलिसिसवरचा माणूस त्या तहानेपायी जास्त पाणी पितो आणि दोन डायलिसिसच्या मधे त्याचं वजन वाढतं. पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडू शकतात आणि बरेचदा आधी काही लक्षणही दिसत नाही. फॉस्फरस हळूहळू त्रास देतो. अंगाला खाज सुटते, हाडं ठिसूळ होतात, रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियम बसतं. मात्र या चारही गोष्टी प्रत्येक रुग्णाला सारख्या वर्ज्य नसतात. रक्तातलं पोटॅशियम व्यवस्थित असलेल्या माणसाची केळी नि टोमॅटो उगाच बंद करण्यात अर्थ नाही. शेजारच्या काकांना मिळालेला आहाराचा कागद झेरॉक्स काढून स्वतःच्या फ्रिजवर लावण्याची पद्धत तर साफ चुकीची आहे.

प्रथिनांच्या बाबतीत हा फरक सगळ्यात ठळक दिसतो. किडनी विकारासंबंधी जगभर मानल्या जाणाऱ्या ‘केडिगो’च्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आजार मधल्या आणि पुढच्या टप्प्यात असलेल्या, पण डायलिसिसवर नसलेल्या प्रौढाने दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं घ्यावीत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. तोच माणूस डायलिसिसवर गेला की उपचारात प्रथिनं बाहेर जातात, म्हणून सल्ला किलोमागे १ ते १.२ ग्रॅमवर जातो, म्हणजे ६० ते ७२ ग्रॅम. औषधाच्या दुकानात किडनीच्या रुग्णांसाठी म्हणून मिळणाऱ्या पावडरींमध्येही कमी प्रथिनांचा डबा वेगळा आणि जास्त प्रथिनांचा वेगळा असतो. नावात ‘एलपी’ आणि ‘एचपी’ एवढाच फरक असतो आणि घाईत काउंटरवरून भलताच डबा घरी येतो. व्यायामशाळेतल्या प्रोटीन पावडरचा तर या आजारात स्वतःहून विचारच करू नये.

आता पाकीट उलटं करायचं. भारतात २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार मागच्या पोषणतक्त्यात ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, स्निग्ध पदार्थ आणि सोडियम छापणं बंधनकारक आहे. पोटॅशियम आणि फॉस्फरस नाही. या एका गोष्टीमुळे पाकीट वाचण्याची रीत ठरते. सोडियम आणि प्रथिनांसाठी तक्ता वाचायचा, पोटॅशियम आणि फॉस्फरससाठी तक्ता सोडून घटकांची बारीक यादी वाचायची. तक्त्यात फॉस्फरस दिसला नाही म्हणजे पदार्थात तो नाही, असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

सोडियमचा आकडा मिलिग्रॅममध्ये असतो. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. दिवसभराची मर्यादा २,००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे पाच ग्रॅम, एक सपाट चमचा मीठ. त्यात घरचा स्वयंपाकही आला. १०० ग्रॅममागे १२० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असेल तर पदार्थ कमी सोडियमचा. आपल्याकडे ‘लो सोडियम’ असा दावा करायलाही हीच मर्यादा आहे. ६०० च्या वर आकडा गेला की ब्रिटनमध्ये तो पदार्थ लाल रंगात दाखवतात. किडनीच्या रुग्णाने हाच लाल दिवा आपल्या मनात ठेवायला हरकत नाही. आकडे बघताना मात्र ‘१०० ग्रॅममागे’चा रकाना बघावा. ‘पर सर्व्ह’चा आकडा नेहमी सभ्य दिसतो, कारण कंपनीच्या हिशेबात एका माणसाने भुजियाचे वीस-तीस ग्रॅमच खायचे असतात.

झटपट नूडल्सचं एक पाकीट जवळून बघू. समजा तक्त्यात १०० ग्रॅममागे १,१०० मिलिग्रॅम सोडियम आहे. पाकीट ७० ग्रॅमचं. म्हणजे एका वाडग्यात ७७० मिलिग्रॅम सोडियम, जवळजवळ दोन ग्रॅम मीठ. दिवसाच्या कोट्यातला चांगला सहा आण्यांचा वाटा चार वाजताच्या खाण्यात संपला. आता घटकांची यादी. मैदा, पामतेल, मीठ यांच्यानंतर कंसात काही आकडे येतात, आणि नूडल्सच्या यादीत ५०८, ५०१, ४५१ हे आकडे सर्रास आढळतात. ५०८ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, ५०१ म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट, ४५१ म्हणजे फॉस्फेट. ‘मी मसाल्याची पुडी अर्धीच टाकते’ हा घरोघरचा उपाय सोडियम थोडं कमी करतो हे खरं. पण मीठ शेवयांच्या गुंडाळीतही मळलेलं असतं, आणि ही तीन मंडळी तर बहुधा तिथेच बसलेली असतात. नूडल्स शिजवलेलं पाणी ओतून देणं त्यापेक्षा बरं, पण पूर्ण उतारा तोही नाही.

या आकड्यांना आयएनएस क्रमांक म्हणतात. युरोपातल्या पाकिटांवर हेच आकडे ‘ई’ अक्षर लावून येतात. किडनीच्या रुग्णाने सगळी यादी पाठ करायची गरज नाही. फॉस्फेटची कुळी लक्षात राहण्यासारखी आहे: ३३८ ते ३४३ आणि ४५० ते ४५२. केक-बिस्किटांच्या बेकिंग पावडरमध्ये कधी ५४१ सापडतो. आकड्याऐवजी इंग्रजी नाव छापलेलं असेल तर त्या नावात पी, एच, ओ, एस ही चार अक्षरं सलग शोधावीत. पायरोफॉस्फेट, ट्रायपॉलीफॉस्फेट, फॉस्फोरिक अॅसिड, सगळी त्यात सापडतात.

फॉस्फेटवर एवढा रोख का, तर शरीर प्रत्येक फॉस्फरस सारखा शोषत नाही. डाळी, कडधान्यं, शेंगदाणे यांतला फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि त्यातला निम्म्याहून कमीच रक्तात उतरतो. दूध, मांस, मासे यांतला साधारण ४० ते ६० टक्के. पण कारखान्यात घातलेलं फॉस्फेट ९० टक्क्यांच्या वर शोषलं जातं. म्हणून वाटीभर मुगाच्या वरणाला घाबरणारा आणि काळा कोला पिणारा रुग्ण उलटा हिशेब करत असतो. काळ्या कोलामध्ये ३३८, म्हणजे फॉस्फोरिक अॅसिड असतं. लिंबाच्या चवीच्या पांढऱ्या सोड्यात बहुतेक वेळा ३३०, म्हणजे सायट्रिक अॅसिड. साखर दोन्हींत आहे आणि पाण्याची मर्यादा दोन्हींना लागू आहे, पण फॉस्फरसपुरता फरक खरा.

चीज हे दुसरं उदाहरण. घरी दूध फाडून केलेल्या पनीरमध्ये वरून घातलेलं फॉस्फेट नसतं आणि मीठही नसतं. प्रोसेस्ड चीज वितळल्यावर एकजीव राहावं म्हणून त्यात क्षार घालतात. कुठे ३३१, म्हणजे सोडियम सायट्रेट, कुठे ३३९ किंवा ४५२, म्हणजे फॉस्फेट. सोडियमही १०० ग्रॅममागे १,२०० ते १,५०० मिलिग्रॅमच्या घरात असतं. वीस ग्रॅमच्या एका स्लाइसमध्ये अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम, आणि सँडविचमध्ये स्लाइस दोन. डायलिसिसवरच्या माणसाला प्रथिनं हवी असतात म्हणून घरचे कौतुकाने चीज देतात. त्याऐवजी पनीर किंवा अंड्याचा पांढरा भाग दिला तर प्रथिनं मिळतात आणि बाकीचा भार बराच कमी होतो.

कोकणातल्या नि गोव्यातल्या घरांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. बाजारातून ताजी आणलेली कोळंबी आणि सुपरमार्केटमधल्या गोठवलेल्या पाकिटातली सोललेली कोळंबी यांत फरक असू शकतो. गोठवलेल्या मालात पाणी धरून राहावं, वितळल्यावर तो लिबलिबीत होऊ नये म्हणून ट्रायपॉलीफॉस्फेटच्या पाण्यातून काढण्याची पद्धत जगभर आहे. पाकिटावर नुसतं ‘कोळंबी’ असेल तर उत्तम. ‘कोळंबी, पाणी, मीठ, ४५१’ असेल तर ते पाकीट तिथेच ठेवावं. चिकन नगेट्स, सॉसेज, सलामी यांचं तेच. सुके बोंबील, खारवलेले मासे यांच्यात फॉस्फेट घातलेलं नसलं तरी मीठ इतकं असतं की तोंडी लावण्यापुरतेही ते महाग पडतात.

फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबर घ्यायच्या असतात, आणि पाकीट तर जेवणाच्या मधल्या वेळेतच फुटतं. दुपारच्या बिस्किटांबरोबर, रात्रीच्या माल्टच्या दुधाबरोबर गोळी घेतली जात नाही. कोणत्या खाण्याबरोबर ती घ्यायची, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारून घ्यावं. माल्टच्या पावडरींचं निघालंच आहे तर, एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना ही पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढायला सांगितलं. तो वाद साखरेचा आणि कायद्यातल्या व्याख्येचा होता. किडनीच्या रुग्णाचा प्रश्न त्याहून वेगळा आहे, कारण या पावडरींत खनिजांची भर बरेचदा फॉस्फेटच्या रूपानेच घातलेली असते. काही ग्लुकोज पावडरींतही ‘कॅल्शियमयुक्त’ म्हणताना कॅल्शियम फॉस्फेटच असतं. साखर एकदम उतरलेल्या रुग्णाला साधी साखर किंवा कसलीही भर नसलेलं ग्लुकोज द्यावं. पोटॅशियम वाढलेलं असेल तर संत्र्याचा डबाबंद रस टाळावा.

पोटॅशियमच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका मात्र खाऊच्या पाकिटात नसून मिठाच्या पुड्यात आहे. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. सर्वसाधारण लोकांना ते उपयोगी पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारसही केली, पण त्या शिफारशीतून मूत्रपिंडाचं काम बिघडलेल्यांना स्पष्टपणे वगळलं आहे. हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये सुमारे ५२० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. मिठात ते ३० टक्के असेल आणि दिवसाला पाच ग्रॅम मीठ पोटात गेलं, तर जवळजवळ ७८० मिलिग्रॅम पोटॅशियम नुसत्या मिठातून आलं. त्यात रुग्ण बहुधा टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी घेत असतो, जी स्वतः पोटॅशियम थोडं वाढवते. सुनेने सासऱ्यांच्या काळजीपोटी आणलेलं मीठ असं अंगाशी येऊ शकतं. सैंधवाला हा दोष नाही, पण ते काही औषधही नाही. त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं.

यादीत पोटॅशियम शब्द दिसला की घाबरायचं, असंही नाही. २०२ म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट, बुरशी लागू नये म्हणून चिमटीभर घातलेलं. त्यातून येणारं पोटॅशियम किरकोळ. क्रमांक यादीत कुठे आहे ते बघावं, कारण घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिल्या तीन-चारांत बटाटा, टोमॅटो पेस्ट, खजूर, मनुका, गूळ, सोया, शेंगदाणा असेल तर त्या पदार्थात पोटॅशियम मुळातच भरपूर, मग शेवटी कुठलाही आकडा असो वा नसो. बटाट्याच्या वेफर्समध्ये १०० ग्रॅममागे १,२०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. घरी बटाटा सोलून, चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकता येतं. वेफर्सच्या बाबतीत ती सोय नसते आणि पाणी उडून गेल्यामुळे पोटॅशियम उलट दाट होतं. आषाढी-महाशिवरात्रीला मिळणारा उपवासाचा चिवडा म्हणजे बटाट्याचा कीस, शेंगदाणे आणि मनुका एकत्र. वर्षभर सांभाळलेलं पथ्य उपवासाच्या दिवशी मोडतं ते असं. नारळपाण्याच्या २०० मिलिलिटरच्या डब्यात चारशे-पाचशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं, आणि वर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असल्याने ते पिताना कुणी थांबत नाही.

जुलाबात दिल्या जाणाऱ्या खऱ्या ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं. लिटरमागे दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, हे जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे. जुलाब झाले तर किडनीच्या रुग्णाला पाणी कमी पडणंही घातक, म्हणून इथे पाकीट वाचत बसू नये, डॉक्टरांना फोन करावा. अपचनावरच्या फ्रूट सॉल्टचं तसं नाही, तिथे नियम सरळ आहे. पाच ग्रॅमच्या एका पुडीत साडेआठशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, दिवसाच्या मर्यादेच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. ढोकळा त्याच पुडीने फुलतो. पापडाला मिठाशिवाय पापडखार लागतो आणि तोही सोडियमचाच क्षार. लोणच्यात मिठाचं प्रमाण दहा टक्के धरलं, तरी दहा ग्रॅमच्या फोडीबरोबर ४०० मिलिग्रॅम सोडियम पानात येतं.

पाकिटाच्या पुढच्या बाजूकडे फार बघू नये. हिरवा ठिपका फक्त शाकाहार सांगतो. ‘नो अॅडेड शुगर’चा किडनीशी थेट संबंध नाही, आणि गोडीसाठी साखरेऐवजी खजूर घातला असेल तर तो दावा इथे उलटतो. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटात मैदाच पहिला असू शकतो. पाकिटाच्या दर्शनी भागावर अर्धा ते पाच तारे देण्याचा मसुदा अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सप्टेंबर २०२२ मध्ये आणला होता. जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त स्निग्धांश ठळक अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला प्राधिकरणाने मंजुरी दिली. यातलं काहीही अमलात आलं तरी पोटॅशियम-फॉस्फरसचा पत्ता त्यात नाही. तारे बघून खरेदी करणारा किडनीचा रुग्ण मागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय सुटत नाही.

लेबल नसलेल्या मालाचं काय करायचं? कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी, गाडीवरचा वडापाव, वजनावर मिळणारं फरसाण यांच्या मागे वाचायला काही नसतं. इथे अंदाजच करावा लागतो, आणि तो कडक करावा. फरसाणात मीठ, सोडा, काळं मीठ, शेंगदाणे आणि कधी डाळं असं सगळंच आलं. अगदी खायचंच तर घरी मुरमुऱ्यांना किंवा पोह्यांना तेलात मोहरी-हळद-कढीपत्त्याची फोडणी द्यावी आणि मीठ मोजून घालावं. भिजवलेल्या पोह्यांत लिंबू पिळलं की मिठाची उणीव फारशी जाणवत नाही.

मुलांकडे परदेशी जाणाऱ्या आईवडिलांना एक सोय असते. अमेरिकेतल्या पाकिटांवर २०२० पासून पोटॅशियमचा आकडा छापावाच लागतो. फॉस्फरस तिथेही सक्तीचा नाही, आणि आयएनएस आकड्यांऐवजी पूर्ण नावं असतात, तेव्हा चार अक्षरांची युक्ती तिथे जास्त चालते. ‘पोटॅशियम सॉल्ट’ असं लिहिलेलं दिसलं तर ते पोटॅशियम क्लोराइडच समजावं. युरोपात आणि ब्रिटनमध्ये सोडियमऐवजी थेट मीठ छापतात. तिथला ‘सॉल्ट १.२ ग्रॅम’ हा आकडा आपल्याकडच्या ‘सोडियम ४८० मिलिग्रॅम’एवढा, घाईत दोन्हींची अदलाबदल होऊ देऊ नये.

एकदा पारखून पास केलेलं पाकीटही कायमचं पास नसतं. कंपन्या घटक बदलतात, त्याच नावाची नवी चव बाजारात येते आणि सोडियमचा आकडा वेगळा निघतो. नेहमीच्या आठ-दहा वस्तूंच्या मागच्या बाजूचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावेत. दर दोन-तीन महिन्यांनी नवं पाकीट आणि जुना फोटो शेजारी धरून बघावेत, आणि रक्ताचा नवा रिपोर्ट आला की आहारतज्ज्ञांकडे जाताना ते फोटोही सोबत न्यावेत. नुसतं ‘मी बिस्किटं खातो’ म्हणण्यापेक्षा ‘ही बिस्किटं, दिवसाला चार’ असं पाकिटासकट दाखवलं, तर त्यांना चारची दोन करायची की ब्रँड बदलायचा हे तिथल्या तिथे सांगता येतं.